मालिनीचा कोरा नमुना

मालिनी उपासनीला कोणी बातमी सांगितली की ती आधी एकच प्रश्न विचारते. "तू पाहिलंस की ऐकलंस?"

या प्रश्नाला कंटाळून जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी तिला बातम्या सांगणं सोडून दिलं आहे. उरलेले निम्मे तिला सांगण्याआधी स्वतःच एकदा खातरजमा करून घेतात. मालिनीच्या मते दोन्ही परिणाम चांगलेच आहेत. मंडळाच्या अध्यक्षाची, नागेशची, बायको सुमेधा म्हणते, "हिला जेवायला जरूर बोलवा, पण पानावर बसल्यावर कुणी व्हॉट्सॲप उघडू नका."

वय पन्नाशीच्या पुढे. केस आखूड, चष्मा गळ्यात अडकवलेला. शहरातल्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत ती पाण्याचे नमुने तपासते: विहिरींचे, पोहण्याच्या तलावांचे, कारखान्यांच्या सांडपाण्याचे. नवरा श्रीनाथ सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी ईप्सिता पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमधून येतं.

मालिनीचा तो प्रश्न जर्मनीत शिकलेला नाही, तो अंबरनाथचा आहे. ती बारा वर्षांची असताना एका दुपारी त्यांच्या आळीत ओरडा झाला, की कारखान्यातून गॅस सुटला. माणसं हातातलं टाकून टेकडीकडे पळाली. मालिनीही पळाली, एका पायात चप्पल घालून. शेजारच्या गोखलेकाकू उतारावर पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. संध्याकाळी कळलं, गॅसबिस काही नव्हता. लोक हसले, गोखलेकाकू प्लास्टरमध्ये गेल्या आणि प्रकरण मिटलं. मालिनीच्या डोक्यात मात्र ते मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती घरोघर विचारत फिरली, पहिला वास कोणाला आला? प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. वाण्याने शिंपीणबाईंचं, शिंपीणबाईंनी मास्तरांचं, मास्तरांनी आणखी कोणाचं. असं करत करत ती शेवटी स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईपाशी येऊन पोचली. आई म्हणाली, "मला वाणी म्हणाला." वर्तुळ पुरं झालं. वास कोणालाच आला नव्हता.

पुढे ती रसायनशास्त्र शिकली, डॉक्टरेटसाठी जर्मनीत आली आणि इथेच राहिली. प्रयोगशाळेत तिला अंबरनाथच्या त्या प्रश्नाचा थोरला भाऊ भेटला. त्याला ते लोक ब्लँक म्हणतात. घरी ती त्याला कोरा नमुना म्हणते. रीत साधी आहे. नदीच्या पाण्यात शिसं आहे का, हे पाहायचं असेल तर आधी शुद्ध पाणी घ्यायचं. तीच बाटली, तेच यंत्र, तीच सगळी कृती. शुद्ध पाण्यातही शिसं दिसलं तर ते नदीत नाही, तुमच्या बाटलीत आहे. म्हणजे नदीला दोष देण्याआधी स्वतःची बाटली तपासायची.

ही रीत ती घरीही चालवते, आणि घरच्यांचा जीव मेटाकुटीला येतो. ईप्सिता हँडबॉल खेळते. पिवळे मोजे घातले की तिचा संघ जिंकतो, असं तिचं म्हणणं. मालिनीने विचारलं, "आणि मोजे दुसरे असताना किती वेळा जिंकलात?" ईप्सिताने डोळे फिरवले आणि "मामा, बिट्टं!" म्हणजे आई, पुरे गं, असं म्हणून दार लावून घेतलं. पण पुढच्या सामन्याला तिने निळे मोजे घातले होते, हे श्रीनाथने पाहिलं. ऐकलं नाही, पाहिलं.

गेल्या वर्षीच्या गणपतीत ही रीत घराबाहेर पडली.

मंडळाचा गणपती पाच दिवसांचा. शहराच्या कडेला एका क्रीडासंस्थेचा हॉल आहे, तो दर वर्षी मिळतो. हॉलच्या मागे तळं. पूर्वी तिथून वाळू-खडी काढत, खड्ड्यात पाणी साचलं, कडेने झाडं वाढली. तळ्याची देखभाल मासेमारांची एक संस्था करते. त्या पाण्यात काहीही सोडायला बंदी आहे, आणि मंडळाला हॉल मिळतो तोच या अटीवर. म्हणून विसर्जन टबात. बांधकामाच्या दुकानात सिमेंट कालवायला मिळतो तसला मोठा काळा टब, त्यात पाणी, फुलं, ढोल, गजर. मंडळाची मूर्ती आधी, मग घरोघरच्या. शाडू विरघळला की ते पाणी हॉलच्या बागेत. हे सगळं बसवलं नागेशने. नागेश मंडळाचा अध्यक्ष, स्वभावाने धावून जाणारा. नवा विद्यार्थी विमानतळावर उतरला की गाडी घेऊन नागेश हजर. कोणाला घर मिळत नाही, नागेश घरमालकाशी बोलणार. मंडळ म्हणजे नागेश, असं लोक म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही.

रविवारी विसर्जन झालं. दोन दिवसांनी तळ्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले. आणखी दोन दिवसांनी स्थानिक दैनिकात बातमी आली: भारतीय उत्सवानंतर मासे मेले? खाली काठावर सापडलेल्या झेंडूच्या माळेचा फोटो. मजकुरात म्हटलं होतं, की कारण कळलेलं नाही, पाण्याची तपासणी व्हायची आहे, आणि भारतीय मंडळाशी संपर्क होऊ शकला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका वेब पोर्टलने ती उचलली. तिथे मथळा होता: जर्मनीत गणेशभक्तांवर मासे मारल्याचा आरोप! जर्मन पेपरात प्रश्नचिन्ह होतं, पुण्यात त्याचं उद्गारचिन्ह झालं, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईपर्यंत दोन्ही चिन्हं गळून नुसत्या ज्वाळा आणि जोडलेले हात उरले. आपल्याविरुद्ध कट आहे. त्यांच्या कारखान्यांचं पाणी चालतं, आपला बाप्पा चालत नाही. निवेदन द्या. सह्या घ्या. मोर्चा काढा.

राग अगदीच हवेतला नव्हता. नागेशचा आठ वर्षांचा मुलगा वेदांग शाळेतून रडत आला होता. वर्गातल्या एकाने विचारलं होतं, तुम्ही मासे का मारलेत?

मालिनीने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. प्रयोगशाळेतून सुटल्यावर ती सायकल घेऊन तळ्यावर गेली.

मासेमारांच्या संस्थेचे हेर, म्हणजे श्रीयुत, आंटेस आपल्या लाकडी खोपटापाशी जाळं वाळत घालत होते. भारतीय बाई येताना पाहून त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"तक्रार करायला आलात?" त्यांनी विचारलं.

"नाही. विचारायला आले. याआधी इथे मासे मेले होते का?"

आता आंटेसनी जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, मेले होते की. उन्हाळा कडक असला, वारा पडला, शेवाळ माजलं आणि सडायला लागलं, की पाण्यातला प्राणवायू संपतो. आठवतंय त्याप्रमाणे दोनदा तरी झालं. एकदा तर करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात.

मालिनीला हसू आवरलं नाही. करोनाच्या त्या उन्हाळ्यात मंडळाचा गणपती झूमवर झाला होता. कोणी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. गणपती नाही, झेंडू नाही, टब नाही, आणि मासे तरीही मेले. कोरा नमुना याहून कोरा कुठला मिळणार?

"हे तुम्ही पेपरवाल्याला सांगितलंत?"

"त्याने विचारलं नाही," आंटेस म्हणाले. "त्याने विचारलं, काठावर काय सापडलं." आणि खोपटात जाऊन त्यांनी मुरंब्याची एक रिकामी बरणी आणली. आत मातीचा रंगवलेला तुकडा होता. एक इवलासा हात, मनगटावर सोनेरी कडं. "हातात काय आहे हे? बटाटा?"

"मोदक," मालिनी म्हणाली, आणि तिचं हसू मावळलं.

परतताना तिच्या मनात आलं, हे विद्यार्थ्यांचं काम. नवी पोरं, नियम माहीत नसतात, रात्री गप्पा मारता मारता मूर्ती नेली असेल तळ्यावर. घरी तिने श्रीनाथला तसं सांगितलंही. श्रीनाथ भाजी चिरत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "तू पाहिलंस की ऐकलंस?"

दोन्ही नव्हतं. नुसतं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी हॉलवर मंडळाची तातडीची बैठक झाली. मालिनीने करोनाच्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नागेश उठून उभा राहिला. "हेच! हेच मी म्हणत होतो. मालिनी, तू सोनं आणलंस." त्याने निवेदनाचा मसुदा वाचला. जर्मन स्वच्छ होतं, सूर ठाम होता. त्यात एक वाक्य होतं: आमच्या मंडळातल्या एकाही कुटुंबाने तळ्यात कोणतीही वस्तू सोडलेली नाही. खाली दोन सह्यांची जागा. एक अध्यक्षांची, दुसरी डॉ. मालिनी उपासनी, रसायनतज्ज्ञ.

"तुझ्या नावाला वजन आहे," नागेश म्हणाला. "आमचं म्हणणं भावनेचं ठरवतील. तुझं शास्त्राचं ठरेल."

"हे एक वाक्य सोडून सगळ्याखाली सही करते," मालिनी म्हणाली.

"कुठलं वाक्य?"

"एकाही कुटुंबाने. हे आपल्याला कुठे माहीत आहे? मला माझ्या घरचं माहीत आहे." आणि तिने बरणीतल्या हाताचं सांगितलं.

टाळ्या वाजवणारे हात आता मांडीवर गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "तेलुगू लोकांचा असेल. त्यांचाही गणपती होता त्याच आठवड्यात."

"असेल," मालिनी म्हणाली. "पण आपण काल रागावलो होतो ते याचसाठी ना? माहीत नसताना आपलं नाव घेतलं म्हणून."

मग काही नजरा क्षितिजकडे वळल्या. क्षितिज पीएचडी करणारा मुलगा, वसतिगृहात राहणारा. त्याचे कान लाल झाले. "मालिनीताई, माझ्याकडे मूर्तीच नव्हती हो. मी मोबाइलवर फोटो लावून आरती केली." आदल्या संध्याकाळी मालिनीने मनातल्या मनात याच मुलाच्या हातात मूर्ती दिली होती. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "तुला कोणी काही विचारलेलं नाही, क्षितिज. विचारायचं तर सगळ्यांना विचारायचं, माझ्यापासून."

"म्हणजे आता आपल्याच माणसांची उलटतपासणी?" नागेशचा आवाज चढला. "माझा पोरगा शाळेत जायला तयार नाही, आणि तू मोदक मोजत बसलीस. तुला आमच्यावर विश्वास आहे की नाही?"

"आहे. पण विश्वासाखाली डॉक्टर लिहून सही करता येत नाही."

बैठकीत ठरलं, निवेदन सोमवारी पाठवायचं, वाक्य आहे तसं ठेवून. मालिनीने सही केली तर उत्तम, नाही तर तिच्यावाचून. बाहेर पडताना सुमेधा तिच्याशी बोलली नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. नागेशच्या आई, शोभनाकाकू. तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आलेल्या. मंडळात काय शिजलंय ते घरात त्यांच्या कानावर नीट घातलेलं नव्हतं. मालिनीच्या बाल्कनीत कुंडीत अळू आहे, अख्ख्या मंडळात तेवढंच. काकूंना वड्या करायच्या होत्या.

"घ्या ना काकू, हवी तेवढी घ्या," मालिनी म्हणाली, आणि कात्री आणून दिली.

काकू एकेक पान उलटंसुलटं करून कापत होत्या. "खाजरं नाही ना गं?"

"चिंच घाला जरा जास्त."

"मला बाई आवडलं तुमचं गाव. कारखाने आहेत, पण झाडंही आहेत. आणि ते तळं! काय शांत जागा. आमच्या बाप्पाला बरी मिळाली."

मालिनीचा हात कुंडीवर थांबला. "तळ्यावर गेला होतात?"

"गेलो होतो की. गेल्या रविवारी पहाटे, मी आणि नागेश. ते दुपारचं टबातलं मी पाहिलं होतं फोनवर मागच्या वर्षी. मी त्याला सांगितलं, बादलीत बुडवायला बाप्पा म्हणजे काय मळके कपडे आहेत? पाच दिवस नैवेद्य दाखवायचा आणि शेवटी टबात! तो नाही-नाही म्हणत होता. मी जेवले नाही आदल्या दिवशी. मग नेलं त्याने." काकूंनी पानांची जुडी बांधली. "का गं? काय झालं?"

"काही नाही, काकू. चला, तुम्हाला घरापर्यंत सोडते."

नागेश इमारतीच्या तळघरात होता. प्रत्येक बिऱ्हाडाला जाळीचा एक कप्पा असतो, त्यात तो मखराची खोकी रचत होता. काकू लिफ्टने वर गेल्या. मालिनी जाळीपाशी उभी राहिली. नागेशने तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं खोकं खाली ठेवलं.

"आईने सांगितलं."

"त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. त्या अळू कापत होत्या."

नागेश खोक्यावर बसला. थर्मोकोलचे कण वेचत म्हणाला, "दिवसभर उपाशी होती गं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. काय करणार होतो मी?"

"माहीत नाही. मीही कदाचित नेलं असतं."

"मग? मासे उन्हाने मेले, तूच सांगितलंस. एवढ्याशा मूर्तीने काय फरक पडतो?"

"माशांना काही नाही पडत. निवेदनाला पडतो. तुझं म्हणणं खरं आहे नागेश, मासे आपण मारले नाहीत. पण त्या खऱ्याच्या शेजारी तू हे बसवलंस, आणि उद्या कोणी तो हात घेऊन आला, तर करोनाच्या उन्हाळ्याचंही कोणी ऐकणार नाही."

"आइनब्युर्गेरुंगचा अर्ज टाकलाय मी," नागेश हळूच म्हणाला. जर्मन नागरिकत्वासाठीचा तो अर्ज त्याने वसंतातच भरला होता. "त्यात असलं काही निघालं तर? दंड, नोंद, काय काय."

"त्याचं मला माहीत नाही. अंदाजाने धीर देणार नाही तुला. वकिलाला विचार."

"तू ग्रुपवर सांगणार?"

"नाही. सांगायचं ते तुझं आहे. पण त्या वाक्याखाली माझं नाव येणार नाही. आणि कोणी कारण विचारलं तर मी दुसरं काहीतरी रचून सांगणार नाही."

"ही धमकीच झाली की."

"तशी वाटत असेल तर वाटू दे," मालिनी म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही."

जिना चढताना तिला जुनं आठवत होतं. नागेशने तिला बाळंतपणात इस्पितळात पोचवलं होतं. श्रीनाथ तेव्हा म्युनिकला अडकला होता. ईप्सिताला घरी पहिल्यांदा आणलं तेही त्याच्याच गाडीतून. घरी आल्यावर तिने एवढंच सांगितलं, की सही करणार नाही, मंडळाचं काय व्हायचं ते होवो. श्रीनाथने कारण विचारलं नाही. ईप्सिता सफरचंद खात दारात उभी होती. "दान झिंट विअर हाल्ट राउस," ती म्हणाली. मग आपण मंडळाबाहेर, इतकंच. म्हणताना खांदे उडवले, पण आईच्या शेजारी येऊन बसली.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मालिनीच्या फोनवर नागेशचा आवाज आला. ग्रुपवरच, सगळ्यांसाठी. एरवी त्याचे निरोप लांबलचक असत, हा छोटा होता. "मी नागेश बोलतोय. तळ्यातली मूर्ती माझ्या घरची आहे. मी स्वतः सोडली. शनिवारी मी सगळ्यांसमोर खोटं वाक्य वाचलं, आणि क्षितिजकडे लोक बघत होते तेव्हा गप्प बसलो. क्षितिज, सॉरी यार. निवेदन बदलतोय."

आईचं नाव त्याने घेतलं नव्हतं. उपासाचंही नाही.

ग्रुपवर आधी क्षितिजने अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, आपल्याच माणसाने आपलं नाक कापलं, आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. दोघं-तिघं त्याच्यामागे गेले. सुमेधाने संध्याकाळी अळूवड्यांचा डबा वेदांगच्या हाती पाठवला. वड्या किंचित खाजऱ्या होत्या. मालिनीने तसं कळवलंही.

निवेदनाचा नवा मसुदा घेऊन नागेश स्वतः आला. ते वाक्य आता असं होतं: माझ्या कुटुंबाने नियम मोडून एक मातीची मूर्ती तळ्यात सोडली, त्याबद्दल मी दिलगीर आहे, इतर मूर्तींचं विसर्जन टबात झालं, असं इतर कुटुंबांनी आम्हाला सांगितलं आहे.

"'सांगितलं आहे' घातलंय बघ," तो म्हणाला. "तू मागे लागण्याआधीच."

मालिनीने दोन कागद केले. पहिल्यावर निवेदन. त्याखाली तिने नुसतं मालिनी उपासनी लिहिलं, मंडळाची एक सभासद म्हणून. दुसऱ्यावर पाण्यातला प्राणवायू, शेवाळ, उष्णता, करोनाचा उन्हाळा, आणि शेवटी एक ओळ: प्रत्यक्ष कारण तपासणीनंतरच कळेल. त्या कागदावर तिने डॉक्टर लिहिलं. नागेशला फरक कळला. त्याने पेन खिशाला लावलं आणि दोन्ही कागद पाकिटात घातले.

दैनिकाने खुलासा छापला. पहिली बातमी होती त्याच्या एक चतुर्थांश जागेत, फर्निचरच्या सेलच्या जाहिरातीशेजारी. पाण्याचा अहवाल आला तेव्हा तोही तिथेच कुठेतरी: प्राणवायूची कमतरता. पण बातमीदाराने आता आंटेसना विचारून मागच्या उन्हाळ्यांचंही लिहिलं होतं. नागेशला नगरपालिकेचा दंड झाला, त्याने भरला. हॉल मिळणार की नाही, यावर क्रीडासंस्थेची बैठक झाली. आंटेस तिथे म्हणाले, ज्याने स्वतःहून सांगितलं त्याला काढायचं असेल, तर रात्री चोरून गळ टाकून पळणाऱ्यांचं काय करायचं? हॉल मिळाला. वसंतात तळ्याच्या सफाईला नागेश गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून गेला, वेदांगला घेऊन. वेदांगने वर्गात त्या दिवशीचे फोटो दाखवले.

नागरिकत्वाचा अर्ज अजून कचेरीत आहे. उशिराचा या दंडाशी काही संबंध आहे का, असं मालिनीला विचारलं तर ती सांगते, माहीत नाही.

पुण्याच्या पोर्टलवर तो मथळा उद्गारचिन्हासकट तसाच आहे. मालिनीने अहवाल जोडून दुरुस्तीची विनंती केली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं. श्रीनाथ म्हणतो, "सोड ना आता, कोण वाचतंय ते?" ती म्हणते, "गोखलेकाकूंचा पाय," आणि पुन्हा लिहिते.

यंदा विसर्जनाला नागेशने टब मोठा आणला. शोभनाकाकू पुण्याहून फोनवर बघत होत्या आणि मोठमोठ्याने सूचना देत होत्या. "अरे, पाणी तरी काठोकाठ भरा! बाप्पाचं पोट उघडं दिसतंय."

आदल्या दिवशी मालिनी सायकलवरून तळ्यावर गेली होती. काठावर वाकून तिने काचेच्या बाटलीत पाणी भरलं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि घरी आणून फ्रिजच्या दारात ठेवली, श्रीखंडाच्या डब्याशेजारी. यंदा काही झालं, तर आधीचं पाणी कसं होतं ते हाताशी असावं.

ईप्सिताने फ्रिज उघडला, बाटली पाहिली आणि आईकडे पाहिलं. "मामा, एर्न्स्टहाफ्ट?"

"हो, खरंच," मालिनी म्हणाली. "आणि बाबाला सांग, ते प्यायचं नाही."